सुट्टी, मालिका आणि कागलचे साहेबमामा

दिवाळीत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीचा आवाज बदलतो. एरवी तीन पाळ्यांची ये-जा, कंपन्यांच्या बसगाड्या, मालट्रकांची रांग. दिवाळीला बरेच कारखाने काही दिवस बंद असतात, परप्रांतातले कामगार गावी जातात. शाळेलाही सुट्टी. आम्ही शिक्षक माणसं, मोठा मुलगा इथल्याच एका कारखान्यात अप्रेंटिस, मुलगी नववीत. सगळे एकाच वेळी घरात, असे दिवस वर्षात मोजकेच. यंदा ते दिवस आम्ही शेजारून आलेला फराळ खात टीव्हीसमोर घालवले आणि त्याची आम्हाला जराही खंत नाही.

पहिली मालिका मुलाच्या पसंतीची, 'अर्तुग्रुल'. 2014 ते 2019 या काळात तुर्कस्तानात गाजलेली ही मालिका आता उर्दूत ऐकायला मिळते. तेराव्या शतकातला काय कबिला, तंबू, घोडे, तलवारी. घरात दखनी बोलणाऱ्या दादींना त्यातलं भारी उर्दू अर्धंच कळायचं. उरलेलं नात समजावून सांगायची. उर्दूचा असा तास वर्गात कधी रंगत नाही! आम्हाला लढायांपेक्षा आवडल्या त्या कबिल्यातल्या बायका. त्या गालिचे विणतात, लोकर रंगवतात आणि वेळ आली की पुरुषांना चार शब्द सुनावतातही.

दुसरी 'पंचायत'. 2020 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत इंजिनिअर झालेला अभिषेक नाइलाजाने फुलेरा गावाचा सचिव होतो. निवडून आलेल्या प्रधान मंजूदेवी, पण कारभार बघतात त्यांचे पती. पुढे त्या राष्ट्रगीत पाठ करून 26 जानेवारीला स्वतः झेंडा फडकवतात. तेव्हा आमच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. दादी म्हणाल्या, "हमारे गाँव में भी ऐसाच है."

मुलगा मात्र पुन्हा पुन्हा 'अर्तुग्रुल'कडेच वळायचा. त्याचं कारण एका रात्री जेवताना निघालं. कामावर एकाने त्याला विचारलं होतं, "मूळचे कुठले तुम्ही?" तो म्हणाला, "कागल." त्यावर, "ते झालं हो, पण मूळचे?" विचारणाऱ्याच्या मनात कदाचित काही वाकडं नसेलही. पण गैबीच्या उरुसात लहानाचा मोठा झालेला आमचा पोरगा त्या प्रश्नाला उत्तर शोधत होता, आणि टीव्हीवर समुद्रापलीकडून घोडे दौडत येत होते.

म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम एक जुना चित्रपट लावला. प्रभात फिल्म कंपनीचा 1936 चा 'संत तुकाराम'. "अब्बू, काळा-पांढरा?" म्हणून मुलांनी तोंडं वाकडी केली. शेजारच्या काकी मात्र पदर सावरून सर्वांत पुढे बसल्या. त्या दरवर्षी वारीला जातात.

पहिल्या अर्ध्या तासातच मुलं सावरून बसली. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम शांत, पण घर धरून ठेवलं ते गौरीबाईंच्या जिजाईने. नवरा देवाच्या नादात, पोरं उपाशी, मूल आजारी. ती हातात वहाण घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात जाते. आमच्या दादी हसल्या आणि मग डोळे पुसू लागल्या. संसार ओढणाऱ्या बाईला भाषांतर लागत नाही.

चित्रपट संपल्यावर आम्ही पुन्हा नामावलीपाशी आलो आणि तिथे थांबवून मुलांना दिग्दर्शकांची नावं वाचायला लावली. दामले आणि फत्तेलाल. शेख फत्तेलाल. 1886 मध्ये जन्म, गाव कागल.

घरात क्षणभर कुणी बोललं नाही. मग आम्ही जे माहीत होतं ते सांगितलं. फत्तेलाल मूळचे चित्रकार. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते घडले. 1929 मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' सुरू झाली तेव्हा व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, केशवराव धायबर यांच्याबरोबर तेही भागीदार होते. प्रभातच्या चित्रपटांतले महाल, वाडे, देवळं उभी करणारे कलादिग्दर्शक तेच. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. 'संत तुकाराम'चा 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. पुढे 1940 मध्ये याच जोडीने 'संत ज्ञानेश्वर' केला.

काकी म्हणाल्या, "आपल्या कागलचा माणूस! आन् आमाला इतकी वर्सं कुणी सांगितलं न्हाई?"

त्यातला 'आपल्या' हा शब्द मुलाने ऐकला. बोलला काहीच नाही. नामावलीचा फोटो काढून त्याने मोबाइलवर स्टेटस ठेवलं आणि खाली लिहिलं, 'आमचं कागल.'

'अर्तुग्रुल' आम्ही सोडलेली नाही. अजून बरेच भाग बाकी आहेत. पण आता मे महिन्याच्या सुट्टीसाठी प्रभातचाच 'शेजारी' ठेवला आहे. 1941 चा, शांतारामबापूंचा. एका गावातल्या हिंदू पाटलाची आणि मुसलमान मिर्झाची दोस्ती, आणि धरणासाठी जमीन हवी म्हणून ती तोडू पाहणारा एक धनवान. त्यातला मिर्झा गजानन जागीरदारांनी रंगवला आहे. काकींनी आपली जागा आत्ताच सांगून ठेवली आहे, सर्वांत पुढची.