काटोलला जाताय? आधी बहार विचारा!

शनिवार उजाडला की प्रश्न तोच. फुटाळा? परवाच झाला. मॉल? बोअर. रामटेक, खिंडसी, पेंच? ऑफिसच्या ग्रुपसोबत सगळं करून झालंय. मग बॉस, या वेळी गाडी काटोल रोडला घाला! नागपूरहून साठेक किलोमीटर, साधारण दीड तासाचा रस्ता. आणि शेवटी काय? संत्री. टोपलीतली नव्हे, झाडावरची!

‘संत्री तर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरही मिळतात,’ असं म्हणू नका. नाशिकला द्राक्षंही बाजारात मिळायचीच की. पण २००५ मध्ये सुलानं तिथे टेस्टिंग रूम उघडली आणि हळूहळू मुंबई-पुण्याची पब्लिक द्राक्षमळ्यातला सूर्यास्त बघायला धावू लागली. नाशिकनं फळासोबत आपला परिसरही विकायला शिकून घेतलं. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा आपला संत्रापट्टा मात्र अजून मुख्यतः फळच विकतो. बहुतेक बगीच्यांना तिकीट नाही, गाइड नाही, सेल्फी पॉइंट नाही. तुम्ही जे बघायला जाता ते कुणाचं तरी रोजचं कामाचं वावर असतं. काटोलची गंमत त्यातच आहे, आणि आपली जबाबदारीही.

रस्त्यातली कमाई

काटोल रोडवर शहर संपता संपता गोरेवाडा लागतो. तिथलं प्राणिउद्यान आणि सफारी जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. मुलंबाळं सोबत असतील तर अर्धा दिवस इथेच जाईल, तेव्हा ठरवून थांबा. पुढे कळमेश्वर. इथून थोडी वाट वाकडी केली की चंद्रभागा नदीकाठचं धापेवाडा. होय, नदीचं नावही चंद्रभागाच! विठोबाच्या देवळामुळे हे ‘विदर्भाचं पंढरपूर’. जवळच टेकडीवर आदासाचा गणपती, विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. काटोलच्या आसपास आणखी एक मोठं देवस्थान म्हणजे पारडसिंग्याची अनसूया माता. तिथे बाराही महिने भाविकांची ये-जा असते.

आंबिया की मृग?

आता मुद्द्याचं. ‘संत्र्यांचा सीझन कधी?’ असं काटोलात विचारलंत तर उलट प्रश्न येईल, ‘कोणता बहार, भाऊ?’ कारण इथे सीझन दोन. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघतात. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो, त्याची फळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हाती येतात. गोडीला मृगाचं फळ सरस, असं जाणकार सांगतात.

हे आपोआप होत नाही. फुलं यावीत म्हणून शेतकरी झाडाचं पाणी मुद्दाम तोडतो. त्याला ‘ताण देणं’ म्हणतात. तुम्हाआम्हाला ताण आला की आपण रजा टाकतो, झाडाला ताण आला की ते फुलतं! पण या ताणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस कोसळला तर सगळं गणित बिघडतं.

तुम्हाला एकदाच जायचं असेल तर फेब्रुवारी गाठा. एका बगीच्यात मृगाची फळं लगडलेली आणि शेजारच्या बगीच्यात आंबियाचा मोहर, असा योग याच दिवसांत जुळतो. त्या पांढऱ्या फुलांचा वास कुठल्याही परफ्यूमच्या बाटलीत मिळणार नाही.

बगीच्यात शिरलात की झाडांच्या बुंध्यांना फिकट निळसर रंग फासलेला दिसेल. ती सजावट नाही. ते मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मलम. ‘डिंक्या’ नावाच्या रोगानं बुंध्यातून डिंक गळायला लागतो आणि झाड खंगत जातं, त्यावरचा हा उपाय. सहा-सहा मीटरवर लावलेली झाडं, एकरी साधारण एकशे दहा. कलम लावल्यावर पहिलं चांगलं पीक हाती यायला पाचेक वर्षं जातात. आपल्याकडे तेवढ्या वेळात लोक तीन जॉब बदलतात!

काटोलात कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्रही आहे. नागपूरच्या अमरावती रोडवर केंद्र सरकारची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, ती १९८५ पासूनची. म्हणजे आपण दोन मिनिटांत सोलून खातो त्या फळामागे केवढा तरी अभ्यास आहे.

विष आणि विषया

फळांनी पोट भरलं की गावात चक्कर मारा. काटोल म्हणजे पुराणातलं कुंतलपूर, असं काटोलकर अभिमानानं सांगतात. इथल्या चंडिका मंदिराशी चंद्रहासाची गोष्ट जोडलेली आहे. गोष्ट एकदम फिल्मी! दुष्ट प्रधान चंद्रहासाच्याच हाती पत्र देऊन त्याला आपल्या मुलाकडे पाठवतो: ‘पत्र आणणाऱ्याला विष दे.’ वाटेत चंद्रहास झोपलेला असताना प्रधानाची मुलगी विषया ते पत्र वाचते, त्याच्या प्रेमात पडते आणि काजळानं एक अक्षर वाढवते. ‘विष दे’चं होतं ‘विषया दे’, आणि थेट लग्नच लागतं! स्पेलिंग मिस्टेकचा इतका सुंदर उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल. जुना किल्ला आणि वालुकाश्माचे थर रचून बांधलेलं प्राचीन देऊळ यांची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्येही आहे.

जेवणाचं? ओळखीच्या कुणाचं वावर असेल तर रोडग्यांचा बेत जमवा. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वर तुपाची धार आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. पिझ्झा विसराल.

आपलं काय जातं?

इतकं वाचून वाटेल, मजाच मजा आहे शेतकऱ्याची. थांबा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव जगभर झालं, पण भाव शेतकऱ्याच्या हातात आला नाही. अनेक जण फळ झाडावर असतानाच अख्खा बगीचा व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात, कारण गारपीट किंवा फळगळ झाली तर वर्ष बुडतं. बांगलादेश हा या संत्र्याचा मोठा ग्राहक. २०१९ नंतर तिथलं आयात शुल्क वाढत गेलं आणि त्याचा फटका थेट इथल्या भावाला बसला. विहिरी आटल्या, बोअर खोल खोल जात राहिले. अशा वेळी जुनं झाड तोडून दुसरं पीक घेणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे.

राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, ते याचसाठी: वावरातून फळाशिवाय आणखी चार पैसे मिळावेत. पण पाहुणेच आले नाहीत तर कागदावरच्या धोरणाचं लोणचं घालायचं का? तुमच्या एका पेटीनं बाजार बदलणार नाही, हे खरं. पण शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या पेटीचे सगळे पैसे त्याच्याच खिशात जातात, आणि ग्रुपमधल्या दहा जणांनी तेच केलं तर दहा पेट्या झाल्या.

जाण्याआधी एवढं करा

- रेल्वेनं जायचं असेल तर नागपूर-इटारसी मार्गावर काटोल स्टेशन आहे. गाड्यांच्या वेळा आणि थांबे आधी तपासा.
- परवानगीशिवाय बगीच्यात शिरू नका. ‘काका, बगीचा पाहू का?’ एवढं विचारलं तरी बहुतेक वेळा चहासुद्धा मिळतो.
- नुकतीच फवारणी झाली आहे का, ते विचारा. झाली असेल तर फळाला हात लावू नका.
- फळ ओढून तोडू नका. देठाजवळची साल फाटते आणि ते लवकर सडतं. कातरीनं देठ ठेवून कापतात, शिकून घ्या.
- साल हिरवट दिसली म्हणून नाक मुरडू नका. रंग थंडीनं चढतो, आतून फळ गोड असू शकतं.
- ‘एवढी झाडं आहेत, चार फुकट द्या ना,’ हे वाक्य घरी ठेवून या. पाकीट मात्र विसरू नका!