दिल्लीची जुनी गाडी, ग्वाल्हेरचा रस्ता

ग्वाल्हेरच्या मेळ्याचे दिवस आले की आपल्याकडे घरोघरी गाड्यांच्या गोष्टी सुरू होतात. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा मेळा मूळचा गुरांचा. आता बैलांच्या जागी मोटारी उभ्या असतात, आणि रोड टॅक्समध्ये पन्नास टक्के सूट जाहीर झाली की लांबलांबून माणसं नवी गाडी घ्यायला येतात. पण लष्कराच्या गल्ल्यांतून फिरताना हल्ली दुसरंही एक दृश्य दिसतं. जुन्या वाड्यासमोर, जेमतेम मावेल अशी, डीएल नंबरची भली मोठी गाडी उभी असते. नवी घ्यायची तर चाळीस लाखांच्या पुढची, आणि मालकाने आणलेली असते आठ-दहा लाखांत.

अशीच एक गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्याकडे आली. तेव्हापासून मंडळातल्या तीन-चार घरांतून विचारणा झाली, "आम्हीही दिल्लीला जावं का?" एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

आधी दिल्लीत या गाड्या स्वस्त का, ते पाहू. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. पेट्रोलला पंधरा वर्षं, डिझेलला दहा. फॉर्च्यूनर, पजेरो, एंडेव्हर किंवा जर्मन बनावटीच्या मोठ्या गाड्या बहुतेक डिझेलच्या. त्यामुळे आठ-नऊ वर्षं झाली की दिल्लीचा मालक अस्वस्थ होतो आणि गाडी बाहेरच्या राज्यात पाठवायची वाट शोधतो. (२०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने अशा गाड्यांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी ताजी स्थिती पाहून घ्या.) म्हणजे तिथे किंमत पडते ती प्रत्येक वेळी गाडी बिघडली म्हणून नव्हे. आपल्यासारख्यांची संधी ती हीच.

आमची गरज साधी होती. दरवर्षी आम्ही कुलदैवताला जेजुरीला जातो. शिवपुरी, गुना, इंदूर, मग खलघाटला नर्मदा ओलांडून सेंधवा, धुळे आणि पुढे पुणे. हजाराहून जास्त किलोमीटर. घरची सात माणसं आणि दोन लहान गाड्या. आई एका गाडीत, नातवंडं दुसरीत. आईचं वय ऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. "एकदा सगळे एका गाडीतून चला रे," एवढंच तिचं म्हणणं. धाकट्या भावाच्या मनात मात्र मोठ्या गाडीची हौसही होतीच. त्याच्या हातात साडेअकरा लाख होते, तेही बाबांच्या ठेवीचे. ते संपले की पुन्हा येणार नव्हते.

मी बँकेत कर्जविभागात तीस वर्षं काढली आहेत. निघण्यापूर्वी भावाला बसवून एक कागद केला. "ताई, साडेअकराची गाडी बघू या ना," तो म्हणाला. मी म्हटलं, "साडेअकराची गाडी घेतलीस तर ती चालवायला पैसे कुठून आणशील?" मोठ्या गाडीची किंमत उतरते, पण तिचा खर्च उतरत नाही. सत्तर लाखांची गाडी नऊ लाखांत मिळाली तरी तिचे ब्रेक, टायर, सुटे भाग सत्तर लाखांच्या गाडीचेच असतात. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून चारा स्वस्त होत नाही. म्हणून ठरवलं, गाडीला नऊपेक्षा एक रुपया जास्त नाही, आणि उरलेले अडीच लाख कर, विमा नि दुरुस्तीसाठी बाजूला.

सोबत आमचे नेहमीचे मिस्त्री आले. चाळीस वर्षं डिझेल इंजिनात हात घातलेला माणूस. त्यांचं जाणं-येणं, राहणं आणि दोन दिवसांची मजुरी आम्ही दिली. या सगळ्या व्यवहारात सर्वांत वसूल झालेला खर्च तोच.

दिल्लीत आम्ही पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवनात उतरलो. आर. के. आश्रमहून मेट्रोने झंडेवालान, त्यापुढचं स्टेशन करोलबाग. करोलबागेतली जुन्या गाड्यांची दुकानं म्हणजे वेगळंच जग आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या नाकाला नाक लावून उभ्या, कपडा मारणारी पोरं दिवसभर त्या पुसत असतात. आत गेलं की आधी चहा, मग "माताजी का आशीर्वाद है, ऐसी गाडी रोज नहीं आती." प्रत्येक गाडी एकाच डॉक्टरने चालवलेली, प्रत्येक गाडी फक्त रविवारी बाहेर निघालेली! ऐकत राहावं, हसावं आणि चासी नंबर मागावा.

भावाचा जीव पहिल्याच दिवशी एका काळ्या जर्मन गाडीवर बसला. सात आसनी, पांढऱ्या कातड्याच्या बैठकी, वर काचेचं छत. मीटरवर ब्याऐंशी हजार, मागणी साडेनऊ. मिस्त्रींनी काहीच न बोलता ब्रेकच्या पेडलचं रबर दाखवलं, झिजून गुळगुळीत झालेलं. मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे निघाले. चासी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात जुनी नोंद विचारली, तर २०२१ सालीच एक लाख शेहेचाळीस हजार झालेले. म्हणजे आकडे मागे फिरवलेले.

तरी भावाला वाटत होतं, किंमत कमी करून घेऊ. मिस्त्री म्हणाले, "कल सुबह आएंगे, आठ बजे. तब तक स्टार्ट मत करना." दुसऱ्या दिवशी गेलो, तर गाडीचा मागचा डावा कोपरा चार बोटं खाली बसलेला. या गाड्यांना स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असतात. पिशवी किंवा जोड गळू लागला की रात्रभरात हवा निघते, आणि तिला भरत राहून पंपही दमतो. दुकानदार म्हणाला, जमीन उतरती आहे. आम्ही गाडी सपाटीवर ढकलून घेतली. कोपरा तसाच. "एक तरफ ठीक कराओगे, फिर दूसरी जाएगी," मिस्त्री म्हणाले, आणि एका बाजूचा जो अंदाज त्यांनी सांगितला त्यात आमची नवी स्कूटर आली असती. भाऊ गप्प झाला. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते चार बोटांवर कळलं.

दुसरी गाडी दिसायला झकास होती, भाव साडेसात. पण पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, गालिचा उचलला तर कुबट वास. २०२३ च्या जुलैत यमुनेने दिल्लीत पुराची पातळी ओलांडून २०८.६६ मीटरचा विक्रम केला होता. त्यात कितीतरी गाड्या बुडाल्या. पाण्यात राहिलेल्या गाडीच्या तारा आणि छोटे संगणक पुढे वर्षभर एकेक करून दगा देतात. तिला हातही लावू नये.

तिसरी गाडी दुकानात नव्हतीच. द्वारकेच्या एका गृहस्थांच्या दारात उभी होती. जपानी बनावटीची, चासीवर बांधलेली, साध्या स्प्रिंगची, हाताने गिअर टाकायची. रंगावर ओरखडे, बैठका कापडी. रनिंग दोन लाख चौदा हजार! आकडा ऐकून भाऊ परत फिरायच्या बेतात होता. मिस्त्री मात्र पहिल्यांदाच हसले. त्या गृहस्थांचं काम जयपूर आणि चंदीगढला, म्हणजे बहुतेक रनिंग मोकळ्या रस्त्यावरचं. शहरातल्या तुंबलेल्या रस्त्यात क्लच, ब्रेक, गिअर सतत राबतात. महामार्गावर इंजिन एका लयीत चालतं. सिग्नलला उभं राहून काढलेल्या ऐंशी हजारांपेक्षा महामार्गावरचे दोन लाख पुष्कळदा बरे. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेनुसार लावलेलं. टायमिंग बेल्ट दीड लाखाला बदलल्याची नोंद होती, मीटरचा आकडा प्रत्येक बिलागणिक सरळ चढत गेलेला.

तिथेही घाई केली नाही. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली, कारण आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाचे दोष लपतात. धूर पाहिला. निळा दिसला तर इंजिन ऑइल खातंय, सुरू झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी जळतंय, काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून आतून भपकारे येतात का, तेही बघितलं. मग मी माझं काम केलं. पर्समधून टेप काढून जमिनीपासून पायरीपर्यंतची उंची मोजली आणि घराच्या उंबऱ्याशी ताडून पाहिली. सगळे बघत राहिले. पण आईला चढता आलं नाही, तर ही गाडी घ्यायची कशाला? पायरी बसवलेली होती, आत धरायला मूठही होती. आणखी एक फळी लावली की जमणार होतं.

व्यवहार आठ लाख साठ हजारांत ठरला. कागदांची बाजू मात्र नीट ऐका, कारण माणसं फसतात ती इथेच. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवून घ्यायचा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८. सगळे चलान भरलेले आहेत का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतं. पैसे बँकेतूनच द्यायचे. आम्ही पन्नास हजार ना-हरकत हातात येईपर्यंत राखून ठेवले, आणि ताबा घेतल्याची तारीख-वेळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करावा. जुन्या मालकाची नो-क्लेम सवलत आपल्याला मिळत नाही. आणि कर किती पडेल हे घेण्याआधीच आपल्या आरटीओत विचारून ठेवावं.

ना-हरकत आलं तेव्हा पुन्हा दिल्लीला जाऊन गाडी घेऊन निघालो. यमुना एक्स्प्रेसवेचे १६५ किलोमीटर म्हणजे गाडीची खरी परीक्षा. रेडिओ बंद, काचा बंद, शंभरच्या वेगात सगळे कान देऊन बसलेले. तापमानाचा काटा मधोमध टिकला. आग्र्याला थांबून खाली वाकून पाहिलं, कुठे थेंब नाही. धौलपूर गेलं, दोन्ही बाजूंना बीहडांच्या मातीच्या घळी सुरू झाल्या आणि चंबळेच्या पुलावर भावाने वेग कमी केला. खाली निळंशार पाणी होतं. मिस्त्रींनी मुरैन्याला गजक घ्यायला लावली, "गाडी पास हो गई" म्हणून.

आता हिशेब. गाडी आठ लाख साठ हजार. चार टायर साठ हजार. ब्रेकच्या चकत्या, खालची रबरं आणि सगळी तेलं बदलायला पंचावन्न हजार. कर, एमपी ०७ चा नंबर आणि विमा मिळून एक लाख वीस हजार. बेरीज दहा लाख पंच्याण्णव हजार. उरलेल्या पंचावन्नातले अडतीस हजार पहिल्याच पावसाळ्यात एसीने घेतले. डिझेल लिटरला दहा-अकराचं पडतं, म्हणून भाजीला ही गाडी निघत नाही. त्यासाठी स्कूटर आहे. लहान गाड्यांपैकी एक विकली. दर महिन्याला पाच हजार गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात जातात. ज्याला हे पाच हजार जड वाटतील, त्याने मेळ्यात जाऊन नवी लहान गाडी घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

गेल्या वेळी जेजुरीला आम्ही सातही जण एकाच गाडीतून गेलो. खलघाटच्या पुलावर आईने काच खाली करून नर्मदेत नाणं टाकलं आणि मागे वळून नातवंडांना हात जोडायला सांगितलं. आधी दरवर्षी ती मागची गाडी कुठवर आली, हे फोन करून विचारायची. या वेळी तिचा फोन पर्समध्येच राहिला.