जास्वंदीचे वकीलपत्र

फुलांच्या दरबारात जास्वंदीला मानाची जागा नाही. मोगरा आणि प्राजक्त यांच्यासाठी कवींनी लेखण्या झिजविल्या. जास्वंदीविषयी मात्र 'वास नाही हो तिला!' एवढे बोलून माणसे पुढे जातात. या फिर्यादीत मी आज जास्वंदीचे वकीलपत्र घेतले आहे. अशील गरीब असले तरी पुरावा भक्कम आहे.

माझे वास्तव्य पेणला. इतर गावी गणपती भाद्रपदात येतात. आमच्या गावी ते बारा महिने मुक्कामाला असतात. शाडूच्या मूर्तीवर कारागीर मुकुट रंगवील, डोळ्यांत जीव ओतील. पण पूजेच्या दिवशी मस्तकावर तांबडे फूल नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांचे समाधान होत नाही. आणि त्या कामी जास्वंदीसारखी सोय दुसऱ्या फुलात नाही. तोडलेले फूल पाण्यावाचूनही दिवसभर टवटवीत राहते आणि रात्री खुडलेली टपोरी कळी सकाळी ताम्हनात उमलते.

कुलशीलाचे म्हणाल, तर कालिदासाने 'मेघदूता'त सायंकाळच्या मेघाची लाली ताज्या जपापुष्पाशी ताडून पाहिली आहे. लिनियसने 1753 साली तिला 'चीनचा गुलाब' असे नाव दिले. वस्तुतः तिचे गणगोत भेंडी आणि कापूस. भेंडीचे फूल जवळून पाहावे, म्हणजे नाते पटते. ज्यांचे वडील रोह्यास वकिली करीत, त्या चिंतामणराव देशमुखांनी 1917 साली केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले, आणि 'मेघदूता'चे मराठी भाषांतरही केले. शास्त्र आणि काव्य ही एकाच परसात नांदू शकतात, याला आमच्या कुलाब्याकडचा याहून चांगला साक्षीदार मला ठाऊक नाही.

जास्वंद लावावयाची ती पावसाच्या तोंडी. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, धड कोवळी नाही व धड जून नाही अशी फांदी पेराच्या खाली तिरकी कापावी. शेंड्याची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत, आणि वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळलेल्या मातीत दोन पेरे पुरावीत. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. पुढे तिला भरपूर ऊन हवे. सावलीत पाने माजतात आणि फुले रुसतात. पाणी मुळाशी साचले किंवा माती कोरडी ठणठणीत झाली, तर कळ्या गळतात. पांढरा पिठ्या ढेकूण दिसताच साबणाच्या पाण्याने फांद्या धुवाव्यात. मुंग्यांची रांग दिसली की तो जवळपास आहे असे समजावे. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून पाऊस सरल्यावर कात्री चालविण्यास भिऊ नये.

पण माझ्या अशिलाचा खरा विशेष निराळाच आहे. आमच्याकडील परसांतली तांबडी जास्वंद सहसा बी धरीत नाही. वारा तिला पसरवीत नाही, पाखरे तिला पेरीत नाहीत. ती या अंगणातून त्या अंगणात जाते, ती कोणीतरी कोणालातरी फांदी दिली म्हणूनच.

माझ्या दारची जास्वंद रोह्याच्या मावशीने दिलेली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली ती फांदी मी मोटारीत मांडीवर धरून आणली होती. पुढे मावशी गेली. घर विकले गेले, परसातली विहीर बुजली, आणि मावशी जिच्याखाली उभी राहून फुले काढी ती जास्वंदही नव्या इमारतीच्या पायात गेली. रोह्याच्या त्या आळीतून जाण्याचे मी अजून टाळतो. परंतु वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने फांदीपासून झालेले झाड हे मूळ झाडाचे अपत्य नव्हे. ते तेच झाड असते. म्हणजे मावशीच्या परसातले ते झाड मेलेले नाही. ते फक्त पेणला राहावयास आले आहे.

एक दिवस टिकणारे फूल आणि दीड दिवसाचा गणपती यांची जोडी आमच्या लोकांनी उगाच जमविली नसावी. दोघेही जातात, दोघांनाही पुन्हा आणावे लागते, आणि ते कोणाच्या तरी हातांनीच. म्हणून ज्येष्ठ सरत आला की मी कात्रीला धार लावून ठेवतो. कोणी नुसते कुंपणापाशी थबकले तरी विचारतो, 'फांदी हवी का?'