फोटोतही हवी खोली!

प्रवासाहून परतल्यावर फोटो पाहणे हा आपल्याकडे एक घरगुती सोहळाच असतो. पूर्वी रोल धुऊन येईपर्यंत धीर धरावा लागे, आता मोबाइल हातोहाती फिरतो. पण त्या वेळचे एक वाक्य काही बदललेले नाही. ‘‘प्रत्यक्षात फारच सुंदर होतं हो, फोटोत तसं आलंच नाही!’’ दरी दिसते, पण ती खोल वाटत नाही. डोंगर दिसतात, पण एकावर एक चिकटवल्यासारखे.

असे का होते? आपल्याला डोळे दोन आणि त्यांच्यात साधारण ६ सेंटिमीटरचे अंतर. दोघांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात. मेंदू त्यांची सांगड घालून जवळ काय, दूर काय हे ठरवतो. कॅमेऱ्याला मात्र डोळा एकच! पण खूप दूरचे पाहताना आपल्या दोन डोळ्यांचाही तितकासा उपयोग नसतो. तिथे मेंदू काही खुणांवर विसंबतो. पुढची वस्तू मागचीला झाकते, दूरची लहान दिसते, रस्त्याच्या कडा निमुळत्या होत जातात, लांबचे डोंगर धूसर, निळसर होतात. या खुणा सपाट कागदावरही उमटतात. त्या चौकटीत येतील अशा जागी उभे राहणे, एवढेच आपले काम.

आग्र्याचा ताजमहाल घ्या. बहुतेक जण बाकावर बसून फोटो काढून घेतात. पण मुख्य प्रवेशद्वाराच्या कमानीत दोन पावले मागे थांबून पाहा. काळोखी कमान, तिच्यात पाठमोरी माणसे, पुढे पाण्याचा सरळ पाट आणि सुमारे ३०० मीटरवर ती शुभ्र वास्तू. अंतर आपोआप जाणवते.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४८ साली श्रीनगरच्या हरिपर्वताच्या उतारावर काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. प्रार्थना करणाऱ्या काही स्त्रिया अगदी पुढे, पाठमोऱ्या. त्यांच्यापलीकडे खोऱ्यातली झाडे आणि त्याहून दूर धूसर डोंगर. रंग नाहीत, तरी नजर थेट त्या डोंगरांपर्यंत जाते. पुढच्या त्या स्त्रिया नसत्या, तर दरी एवढी विस्तीर्ण वाटली नसती.

मला याचे मोल पटले ते मात्र घरच्याच एका फोटोमुळे. आमच्या आजोळचा वाडा आता राहिलेला नाही. तो पाडून तिथे इमारत उभी आहे. वाड्यात काढलेले पंचवीस-तीस फोटो अल्बममध्ये आहेत. मुंजीचे, बारशाचे, लग्नाचे. सगळ्यांत माणसे भिंतीला पाठ लावून ओळीने उभी. चेहरे स्पष्ट आहेत, वाडा कुठेच नाही.

एकच फोटो वेगळा. थोरल्या मामाने अंगणातून काढलेला. डाव्या कोपऱ्यात तुळशीवृंदावनाची कड, ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली आजी, तिच्यामागे माजघराचे दार, त्यापलीकडे स्वयंपाकघराचे आणि सर्वांत शेवटी परसदारातून आलेला उजेड व विहिरीचा रहाट. बडोद्याची मावशी आली की हाच फोटो मागते. ‘‘इथे उजवीकडे कोठीची खोली,’’ असे म्हणून ती फोटोच्या बाहेरच बोट ठेवते! वाडा न पाहिलेली नातवंडेही मग त्या दारांमधून विहिरीपर्यंत जाऊन येतात.

यात अवघड असे काहीच नाही. माणसाला भिंतीपासून चार पावले पुढे आणा. अगदी जवळचे काहीतरी, एखादी फांदी, कठडा, दाराची चौकट, कडेला येऊ द्या. रस्ता, बांध किंवा जिना असेल तर तो कोपऱ्यातून आत जाईल असे उभे राहा. सूर्य थेट पाठीशी असला की सावल्या वस्तूंमागे दडतात आणि चित्र सपाट होते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उंचसखलपणा दाखवते. दुरून झूम केले तर मागचे-पुढचे एकमेकांना चिकटल्यासारखे वाटते. त्यापेक्षा चालत पुढे जावे.

सणासुदीला घरी सगळे जमले की ओळीने उभे राहून फोटो काढाच, तो हवाच. पण नंतर आई-बाबांना त्यांच्या रोजच्या जागी बसू द्या, आपण दाराबाहेर या आणि आणखी एक फोटो काढा. उद्या पाहणाऱ्याला माणसेही ओळखू येतील आणि ती कुठे नांदली हेही कळेल.