नॉलीचं खरं, कॉरीचं खोटं

हार्लेमच्या नॉलीची गोष्ट आमच्या मंडळीत बहुधा विश्वासाची साक्ष म्हणून सांगतात. नाझींनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये तिनं अ‍ॅनालीझ या ज्यू तरुणीला घरात आसरा दिला होता. सोनेरी केस, बेमालूम बनावट कागदपत्रं. शिपायांनी विचारलं, ही ज्यू आहे का? नॉली म्हणाली, हो. खोटं बोलू नये ही देवाची आज्ञा, तिथं वाटाघाटी नाहीत. दोघींना धरून नेलं. नॉलीच्या बहिणीनं, कॉरी टेन बूमनं, 1971 च्या ‘द हायडिंग प्लेस’मध्ये हे सांगितलंय. अ‍ॅनालीझला अ‍ॅमस्टरडॅमच्या नाट्यगृहात कोंडलं. तिथूनच ज्यूंची छावण्यांकडे रवानगी होई. पण काही दिवसांतच भूमिगतांनी ते फोडून चाळीस जणांना सोडवलं, त्यांत ती होती.

इथं मंडळी ‘आमेन’ म्हणते, आणि मी अडखळतो. ती सुटली म्हणून नॉली बरोबर, तर गाडीत चढवली असती तर नॉली चूक? मग आज्ञा निरपेक्ष कुठं उरली? निकाल बघून नीती ठरवणाऱ्यांना आपण सापेक्षतावादी म्हणून नावं ठेवतो, आणि साक्ष देताना हिशेब त्यांचाच मांडतो.

कॉरीही घरात ज्यू लपवत होती, पण तिची तऱ्हा वेगळी. तिला खोटं बोलायची तालीम घ्यावी लागली. साथीदारांनी तिला मध्यरात्री हलवून उठवायचं आणि दरडावून विचारायचं, नऊ ज्यू कुठं लपवलेस? अर्धवट झोपेत बाई सांगून बसली, आता सहाच आहेत! नॉलीच्या मुलीनं तर तिसरीच वाट काढली. भाऊ कुठं आहेत, तर म्हणे टेबलाखाली. ते खरंच टेबलाखालच्या तळघरात होते. शिपायांनी टेबलपोस उचलला, खाली कुणी नाही, पोरगी खदखदून हसली, आणि ते चिडून निघून गेले. ‘नरो वा कुंजरो वा’च हे. मला यापेक्षा कॉरीचं सरळ खोटं प्रामाणिक वाटतं.

‘ज्याचं त्याचं सत्य’ मात्र या कुटुंबात कुणालाच परवडणारं नव्हतं. तसं असतं तर शिपायाचंही एक सत्य मान्य करावं लागलं असतं. जीव वाचवा आणि खोटं बोलू नका, या दोन्ही आज्ञा पक्क्या होत्या, म्हणून तर पेच.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफरनं हा पेच टाळला नाही. मारेकऱ्यालाही मित्राचा पत्ता खरा सांगावा, हे तत्त्वज्ञ कांटचं म्हणणं त्याला विपरीत वाटलं. खोट्याला पुण्य म्हणून मिरवायचं नाही. दुसऱ्यासाठी दोष आपल्या माथी घ्यायचा आणि देवाच्या दयेवर भिस्त ठेवायची. मला हे पटतं. निर्गमातल्या सुइणींनी इब्री बाळं वाचवायला फारोला थाप मारली आणि देवानं त्यांचं भलं केलं. बक्षीस दयेचं होतं, थापेचं नव्हे, असं संत ऑगस्टिन बजावतो. बरोबर असेल. पण त्या क्षणी फारोपुढं उभं राहून दया आणि थाप वेगळी कशी करायची, ते त्यानं सुइणींना विचारायला हवं होतं.