ताकद आणि पकड

यंत्राच्या दांड्या-दट्ट्यांविषयी साहित्यमंडळाच्या पत्रिकेत लिहावे की नाही, याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. परंतु आपल्यांपैकी अनेक घराण्यांत अद्याप थोडीबहुत शेती आहे, आणि शेतावरच्या गोठ्याशेजारी एखादी जुनी जीपही उभी आहे. तिचे ज्ञान मात्र ज्यांच्यापाशी होते, ती माणसे एकेक करून चालली आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

जुन्या चार-चाकी-ओढीच्या जीपमध्ये चालकाच्या हाताशी तीन दांड्या असत. पहिली नेहमीच्या गियरची. दुसरीने इंजिनाची ओढ पुढच्या चाकांनाही मिळे. तिसरीने ‘लो’, म्हणजे मंद गतीचा गियर पडे. हा गियर पडला की गाडीची गती सुमारे अडीच पटींनी घटते आणि चाकांवरचा जोर तितक्याच पटींनी वाढतो. विलिस जीपच्या आणि तिच्याच वंशातील महिंद्र जीपच्या रचनेत एक अडसर मुद्दाम ठेवलेला असे. पुढची चाके जोडल्यावाचून ‘लो’ पडतच नसे. एवढा वाढलेला जोर एकट्या मागच्या एक्सलवर पडू नये, तो चारही चाकांत वाटला जावा, हा त्यामागील हेतू. पुढे आलेल्या मारुती जिप्सीत या दोन कामांना एकच दांडी होती. तीतही चार चाकांवाचून ‘लो’ नव्हता. थोडक्यात, ताकद हवी असेल तर पकडही घ्यावीच लागे.

चिखलात, वाळूत हे योग्यच. कठीण जमिनीवर मात्र तीच गोष्ट गळ्याशी येते. गाडी वळते तेव्हा पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान वर्तुळावरून. म्हणजे पुढच्यांना अधिक अंतर काटावे लागते. या गाड्यांत दोन्ही एक्सल एकमेकांशी ताठ जोडलेले असल्याने हा फरक कोठे तरी जिरावा लागतो. मऊ मातीत चाक किंचित घसरते आणि ताण निघून जातो. डांबरावर किंवा सिमेंटवर चाक घसरत नाही. मग तो ताण दांड्यांत आणि दात्यांत पिळासारखा साठत जातो. सुकाणू जड होते, गियरची दांडी जागची हलत नाही, आणि तरीही दामटले तर आत काहीतरी तुटते.

यावर उपाय पुढच्या चाकांच्या मध्यभागी असतो. युद्धानंतर सैन्याच्या जीप अमेरिकेत खासगी लोकांच्या हाती आल्या, तेव्हा रस्त्यावर त्यांच्या पुढच्या यंत्रणेची व्यर्थ झीज होई. १९४८ साली सिएटलजवळ आर्थर वॉर्न यांनी त्यासाठी सुटे होणारे हब बनवण्यास आरंभ केला. हबावरची चकती एका बाजूस फिरवली की चाक आतल्या शाफ्टशी जोडले जाते. उलट फिरवली की ते सुटे होऊन नुसते बेअरिंगवर फिरते. मूळ हेतू झीज आणि इंधन वाचवण्याचा. परंतु त्यातून एक वेगळीच सोय निघाली. हब सुटे ठेवून दांडीने पुढची ओढ जोडली आणि ‘लो’ टाकला, तर गियरपेटीचा अडसर समाधान पावतो, पुढचे शाफ्ट आतल्या आत रिकामे फिरतात, आणि गाडी केवळ मागच्या दोन चाकांवर, पण मंद गतीच्या पूर्ण ताकदीने चालते. अमेरिकेतील पिकअप ट्रकवाले यास ‘टू लो’ म्हणतात.

या सोयीचे मोल आम्हांस एका अपघातानंतर कळले. सिंचन खात्यातील आमच्या नोकरीची आरंभीची वर्षे चंबळ आणि कुंवारी नद्यांच्या बीहडात, म्हणजे घळींच्या मुलखात गेली. एका मुक्कामी विश्रामगृहाच्या फरसबंद आवारात जीपला सामानाचा ट्रेलर जोडण्याचे काम चालले होते. एक मजूर ट्रेलरची दांडी उचलून हुकाच्या नेमावर धरून उभा होता. थंडीची सकाळ, इंजिन गारठलेले. चालकाने क्लच सोडताच जीप हातभर मागे उसळली. त्या मजुराची दोन बोटे दांडी आणि हुक यांमध्ये सापडली. एक बोट वाचले, दुसरे अर्धे कापावे लागले. पुढे कित्येक वर्षे तो तेथेच चौकीदार होता, आणि आम्ही मुक्कामास गेलो की त्याच हातांनी आम्हांस नमस्कार करीत असे.

नंतरच्या नेमणुकीत आमच्या वाट्यास जी जीप आली, तिला असे हब होते आणि तिचे चालक सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार होते. ट्रेलर जोडावयाचा असला की ते आधी खाली उतरून दोन्ही हब सुटे आहेत हे हाताने चाचपून पाहात, ‘लो’ टाकीत, मागचा गियर टाकून क्लच पूर्ण सोडून देत, आणि जीप माणसाच्या चालीहूनही हळू, केवळ इंजिनाच्या गुणगुणण्यावर मागे सरके. तुकड्या-तुकड्याने क्लच दाबणे नाही, की धक्का नाही. सुकाणू वळवले तरी पुढची चाके मोकळी असल्याने पीळ साठत नसे. आम्ही विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “साहब, ताकत अलग चीज़ है, पकड़ अलग. यहाँ ज़मीन पक्की है, पकड़ का क्या काम?”

त्यांनीच या सोयीच्या मर्यादाही सांगितल्या. सारा वाढीव जोर मागच्या एक्सलवर असतो. तेव्हा अॅक्सिलरेटर दाबून रुतलेली गाडी या रीतीने काढू पाहू नये, अर्धा शाफ्ट तुटतो. सुट्या दगडांच्या उतारावर हब सुटे ठेवून उतरणे तर त्याहून घातक. इंजिनाचा रोध तेव्हा फक्त मागच्या चाकांना मिळतो, आणि उतारावर गाडीचा भार पुढे गेल्याने नेमकी तीच चाके हलकी होऊन घसरतात. घळीत उतरण्यापूर्वी हवालदार सपाट जागीच थांबून हब जोडीत. तेही दोन्ही. एक जोडलेला आणि एक सुटा राहिला, तर डिफरन्शियल सारी ओढ सुट्या बाजूस सोडून देते, आणि चालकास वाटते की चारही चाके ओढत आहेत.

हे सारे आज आठवण्याचे कारण डबऱ्याजवळच्या शेतावरची आमच्या थोरल्या बंधूंची जीप. बंधू गेल्यानंतर ती पुतण्याकडे आली. बंधूंनी अखेरच्या वर्षांत गोदामापुढचे अंगण सिमेंटचे करून घेतले होते. त्यामुळे गव्हाच्या पोत्यांचा ट्रेलर आता पक्क्या जमिनीवर, अरुंद फाटकातून, वळवून मागे न्यावा लागतो. गेल्या हंगामात पुतण्या म्हणाला, “काका, या हबांची कटकट कशाला? उतरा, चकत्या फिरवा, पुन्हा चढा. मी पुढची चाके कायमची जोडून टाकतो.”

“टाक,” आम्ही म्हणालो. “पण आधी हब जोडून, ‘लो’मध्ये ट्रेलर आत घेऊन दाखव. आणि मागे कोणास उभे करू नकोस.”

त्याने प्रयत्न केला. अर्ध्या वळणावर सुकाणू हाताशी भांडू लागले, टायर करकरले, आणि दांडी काढू गेला तर ती निघेना. जीप सरळ करून कच्च्या मातीवर चार पावले नेली, तेव्हा आतला पीळ सुटून दांडी खटकन बाहेर आली. मग हब सुटे करून त्याने तेच वळण घेतले. ट्रेलर गोदामाच्या दारात बोटभर अंतरावर येऊन थांबला. तो काही बोलला नाही. त्या दिवशी ट्रेलरची दांडी धरण्यास बंधूंच्या वेळच्या गड्याचा नातू होता, वीस-एक वर्षांचा. त्याची दहाही बोटे शाबूत आहेत आणि ती तशीच राहावीत, एवढेच आमचे म्हणणे.

परप्रांतात चार-पाच पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना हा पीळ नवा नाही. पुढच्या पिढीस वळणावर नेहमीच मोठे वर्तुळ काटावे लागते. ग्वाल्हेरची मुले हैदराबादेस जातात, तेथून आणखी दूर. घराची ताकद त्यांच्या पाठीशी असावी, पण पक्क्या रस्त्यावर चाके घट्ट बांधून ठेवण्याचा हट्ट नसावा. घळ आली की थांबून जोडून घ्यावीत. पुतण्याशी त्या संध्याकाळी आमचे बोलणे जीपवरून सुरू होऊन याच विषयावर बराच वेळ चालले, आणि त्याच्या मुलीच्या बंगळुरास जाण्याचा प्रश्नही त्यात निघाला. ती जूनमध्ये गेली.

हब त्याने काढले नाहीत. नव्या गाड्यांत पुढची चाके बटणाने किंवा आपोआप जोडली जातात, आणि आपोआप जोडणाऱ्या हबांत ही युक्ती चालत नाही; पण ज्यांच्याकडे हाताने फिरवण्याचे हब आहेत, त्यांनी ते टाकू नयेत. पावसाळ्यानंतर एकदा उघडून आत पाणी शिरले आहे का ते पाहावे, जुने ग्रीस पुसून नवे घालावे, आणि ट्रेलर जोडताना दोन्ही चकत्या हाताने तपासाव्यात. डोळ्यांनी पाहून भागत नाही. चकतीवरची अक्षरे झिजून गेलेली असतात.