मन्या जेवला का?

सोमवारी सकाळी मन्याने तिसऱ्यांदा उलटी केली, तेव्हा मी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून दारात उभी होते. 'केसांचा गोळा असेल' म्हणत फरशी पुसली आणि ऑफिस गाठलं. रात्री येऊन बघते तर वाटी जशीच्या तशी. मासळीकडेही साहेबांनी पाठ फिरवलेली! आई फोनवर म्हणाली, "अगं, मांजरं करतातच उपास."

मंगळवारी सरळ सुट्टी टाकली. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?" मला वाटी भरल्याचं आठवत होतं, त्याने खाल्ल्याचं नाही. ते म्हणाले, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि जिवावर बेतू शकतं. गुबगुबीत मांजरांना धोका जास्त. आणि घरातली पॅरासिटामॉल चुकूनही द्यायची नाही, मांजरासाठी ती विषच!

सलाइन झालं, उलटीचं इंजेक्शन झालं. घरी उकडलेलं चिकन कोमट करून ठेवलं; वासाने भूक चाळवते म्हणे. रात्री दोनला स्वयंपाकघरातून चक्क चाटण्याचा आवाज आला. मी अंधारातच रडले.

ऑफिसची प्रत्येक डेडलाइन मला पाठ असते. आता फ्रिजवर एक कागद लावलाय: मन्या शेवटचा कधी जेवला?